पुलावर पाणी आलं का, हे तीन सेन्सरांना कसं विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा: "निपाणीजवळ राहते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वेदगंगेवरच्या एका बुटक्या पुलावर पाणी चढण्याआधी इशारा देणारी यंत्रणा करतेय. अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), प्रेशर (पाण्याचा दाब मोजणारा) आणि फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून वर उचलला जाणारा) असे तीन सेन्सर घेतलेत. कुठलाही एक 'हो' म्हणाला की सायरन, असं ठेवलं तर रोज वाजतो. तिघांनीही 'हो' म्हणायला हवं, असं ठेवलं तर टाकीतल्या चाचणीत बऱ्याचदा वाजतच नाही. तिघांची माहिती एकत्र कशी करायची? सर म्हणतात न्यूरल नेटवर्क वापर."

तू विषय फार चांगला घेतलास, म्हणून सविस्तर लिहितो. मी सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. निम्मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत गेली, निम्मी साखर कारखाने आणि पाणीयोजनांवर. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, तिकडे कृष्णेवर कल्लोळ-येडूर हे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या माणसाला दहा मिनिटांच्या वाटेसाठी तासाभराचा वळसा पडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला तर यमगर्णीजवळ वेदगंगा थेट महामार्गावर आली होती. तेव्हा तुझी यंत्रणा परीक्षेच्या टेबलावर चालली की संपलं, असं समजू नकोस. ती नदीवर चालायला हवी.

आधी तुझा अनुभव आकड्यांत मांडू. समज, तिन्ही सेन्सर सारखेच आहेत. पाणी खरंच हद्दीवर आलं असताना शंभरातल्या नव्वद वेळा 'हो' म्हणतात आणि नसताना शंभरातल्या पाच वेळा उगाच 'हो' म्हणतात. कुठल्याही एकाचं ऐकायचं ठरवलं तर खरं पाणी जवळजवळ कधीच हुकत नाही, ९९.९ टक्के वेळा सापडतं. पण खोटा इशारा १४ टक्क्यांवर जातो. दर दहा मिनिटांनी वाचन घेतलंस तर दिवसाला १४४ वाचनं, म्हणजे दिवसाला वीसेक खोटे सायरन. गावानं दुसऱ्या दिवशीच वायर तोडली असती. तिघांचंही 'हो' लागेल म्हटलंस तर खोटे इशारे संपल्यासारखेच, पण खरं पाणी ७३ टक्के वेळाच सापडतं. चारातला एक पूर निसटला. टाकीत तुला हेच दिसलं.

तिघांत दोघांचं ऐकायचं, हा मधला मार्ग सगळ्यांना सुचतो. त्यात खरं पाणी ९७ टक्के वेळा सापडतं आणि खोटा इशारा ०.७२५ टक्क्यावर येतो. छान वाटतं ना? आता त्याला १४४ नं गुणून बघ. दिवसाला एक. जून ते सप्टेंबर १२२ दिवसांत १७,५६८ वाचनं होतात आणि त्यात सव्वाशेवर खोटे इशारे. पूल मात्र हंगामात मोजक्याच वेळा बुडतो. गावकऱ्याच्या कानावर पडणारे बहुतेक सायरन खोटेच ठरतील, आणि बहुमतानंही ते टळले नाहीत.

म्हणून डिझाइनची सुरुवात सेन्सरपासून करू नकोस, हंगामापासून कर. तलाठ्याला, पुलाशेजारच्या दुकानदाराला, शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचार, की एका पावसाळ्यात किती खोटे सायरन सोसाल? बहुतेक जण 'एखादा' म्हणतील. म्हणजे १७,५६८ वाचनांत एक. आणि पाणी चढण्याआधी किती वेळ हातात हवा? अर्धा तास, की एक तास? हे दोन आकडे आधी वहीत लिही. उरलेलं सगळं त्यांच्यावरून ठरतं. 'पूर ओळखणे' हा प्रश्नच नव्हे. 'स्लॅबच्या तीस सेंटिमीटर खालच्या खुणेला पाणी लागलं का', हा प्रश्न आहे. इतका नेमका केल्याशिवाय कुठल्याही सेन्सरची बरोबर-चूक मोजताच येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तिघांची मतं नुसती मोजायची नसतात. कुणाचं 'हो' किती किमतीचं आणि कुणाचं 'नाही' किती किमतीचं, हे वेगवेगळं ठरवायचं असतं.

तुझा फ्लोट स्विच घे. तो उगाच वर तरंगत नाही. कोरड्यात 'हो' म्हणण्याचं त्याला कारणच नाही, हजारात एखाद्या वेळी म्हणेल. पण उसाचं पाचट, जलपर्णी, प्लास्टिकची पिशवी दांडीत अडकली की पाणी आलं तरी तो खालीच बसतो. समज, पाणी असताना तो शंभरात सत्तर वेळाच 'हो' म्हणतो. तर त्याच्या 'हो'ची किंमत काढ: पाणी असताना 'हो' म्हणण्याची शक्यता ०.७, नसताना ०.००१, गुणोत्तर ७००. त्याचा नैसर्गिक लॉग घेतला की ६.५५. 'नाही'ची किंमत: ०.३ भागिले ०.९९९, लॉग उणे १.२. म्हणजे फ्लोट 'हो' म्हणाला तर कान टवकार, 'नाही' म्हणाला तर फार मनावर घेऊ नकोस. उलट, नव्वद आणि पाचवाल्या अल्ट्रासॉनिकच्या 'हो'ची किंमत १८ चा लॉग, म्हणजे २.८९, आणि 'नाही'ची उणे २.२५. त्याच्या दोन्ही शब्दांना साधारण सारखंच वजन.

ही वजनं बेरजेत घालायची. लॉग घेतो ते एवढ्यासाठीच, गुणाकाराची बेरीज होते आणि छोट्या कंट्रोलरलाही ती जमते. दोन शक्यतांतली एक निवडायची तर त्यांचं गुणोत्तर काढून एका हद्दीशी ताडणं हीच सर्वोत्तम रीत, हे नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये सिद्ध केलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या सेन्सरांनी आपापला हो-नाही निर्णय केंद्राकडे पाठवला तर प्रत्येकाला वरच्यासारखं वजन द्यायचं, हे चेअर आणि वार्ष्णेय यांनी १९८६ मध्ये मांडलं. हे काम वेदगंगेच्या पुलालाही तसंच लागू पडतं.

पण एका वाचनावर सायरन वाजवायचाच नाही. इथं मी तुला पेज यांची १९५४ ची पद्धत वापरायला सांगेन. तिला क्युसम म्हणतात. एक खातं उघड, शिल्लक शून्य. दर वाचनाला तिघांच्या वजनांची बेरीज त्यात टाक. शिल्लक शून्याखाली गेली की पुन्हा शून्य धर. ठरलेल्या हद्दीवर गेली की सायरन. एवढंच. कोरड्या दिवशी तिघेही 'नाही' म्हणतात, उणे ५.७ येतात, शिल्लक शून्यावरच राहते. हद्द किती ठेवायची? वजनं खरी असतील आणि वाचनं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन खोट्या इशाऱ्यांमधला सरासरी काळ निदान 'ई'चा (नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७२) हद्दीएवढा घात इतकी वाचनं असतो. हा हिशोब १९७१ मध्ये लॉर्डन यांनी दिला. आपल्याला १७,५६८ वाचनांत एक हवा, त्याचा लॉग ९.७७. हद्द ९.८ ठेव.

आता कागदावर चालवून बघू. प्रेशर सेन्सरलाही अल्ट्रासॉनिकचेच आकडे धर. तिघेही 'हो' म्हणाले तर पहिल्याच वाचनाला १२.३३, लगेच सायरन. फ्लोट पाचटात अडकून 'नाही' म्हणतोय आणि बाकी दोघे 'हो', तर दर वाचनाला ४.५८, दोन वाचनांत ९.१६, तिसऱ्याला हद्द ओलांडली, म्हणजे तिसऱ्या वाचनाला सायरन. एकट्या अल्ट्रासॉनिकला कोळ्याच्या जाळ्यानं फसवलं, तर २.८९ मधून २.२५ आणि १.२ वजा, उणे ०.५६. शिल्लक वाढतच नाही. बाकी दोघे 'नाही'च म्हणत असतील तर जाळं आठवडाभर राहिलं तरी सायरन गप्प. अडकलेला फ्लोट आणि जाळं ही दोन्ही प्रकरणं एकदम सांभाळणं तुझ्या आधीच्या दोन नियमांपैकी एकालाही जमत नव्हतं.

इथं मात्र थांबून बारकाईनं बघ, कारण मी स्वतः एकदा इथंच फसलोय. एकटा फ्लोट वरच्या बाजूला अडकला तर? फांदी खाली शिरली, दांडी वर उचलली गेली. ६.५५ मधून दोन वेळा २.२५ वजा, दर वाचनाला अधिक २.०५. पाच वाचनांत सायरन, तोही कोरड्या पुलावर. चूक गणिताची नाही, आपल्या गृहीतकाची आहे. अडकलेला फ्लोट पाच वेळा 'हो' म्हणाला म्हणजे पाच साक्षी झाल्या नाहीत. तीच एक साक्ष पाचदा वाचली गेली. म्हणून स्विचसारख्या सेन्सरचं पूर्ण वजन तो 'नाही'वरून 'हो'वर जातो त्या वेळी एकदाच दे. पुढच्या वाचनांना बाकीचे दोघे बोलेपर्यंत त्याला शून्य धर. हाच नियम वाचनं किती दाट घ्यायची यालाही लागू होतो. दहा मिनिटांऐवजी दर मिनिटाला घेतलंस म्हणून दहापट पुरावा मिळत नाही. लाटेनं होणारी चूक मिनिटात बदलते, जाळ्यानं होणारी बदलत नाही.

आणि हेच सेन्सरांमध्येही घडतं. माझ्या मते सगळ्या डिझाइनमध्ये हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि पुस्तकं तो शेवटच्या प्रकरणात ठेवतात.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या (लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीच्या) थंड पाण्याच्या पंपावर आम्ही तीन सेन्सर बसवले होते. बेअरिंगवर कंपन मोजणारा, पाण्याच्या लाइनीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि मोटरच्या करंटसाठी एक. तिघांत दोघांचं ऐकायचं, असा नियम. फर्नेसचं पाणी थांबलं तर कॉइल जळते आणि वितळलेल्या लोखंडाशेजारी पाणी म्हणजे माणसांच्या जिवाशी गाठ, त्यामुळं इशारा आला की फर्नेस बंद करायची अशी शिस्त होती. रोज संध्याकाळी, फर्नेस पूर्ण पॉवरवर घेतली की तिन्ही सेन्सर एकदम ओरडायचे. पंप बघायला जावं तर तो गुळगुळीत चालतोय. आठवडाभर आम्ही बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, थर्मोकपल बदललं. शेवटी एका वेल्डर पोरानं दाखवलं, की तिन्ही सेन्सरांच्या वायरी फर्नेसच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून गेल्यात. के-टाइप थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. त्या वायरीत नुसते दोन मिलिव्होल्ट उपटले तर मीटरला ते पन्नासएक अंश दिसतात. कंपनाच्या आणि करंटच्या सेन्सरचं तेच झालं होतं. साक्षीदार तीन होते, पण तिघांच्या कानात एकच जण कुजबुजत होता.

वायरी वेगळ्या ट्रेमध्ये नेल्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, त्रास गेला. पण खरा बदल पुढं केला. करंटचा सेन्सर काढून पाण्याच्या लाइनीत पाकळीचा साधा फ्लो स्विच बसवला. विजेचा गोंगाट त्याला हलवू शकत नाही. तो अडकतो, पण बाकीचे ज्या कारणानं फसतात त्या कारणानं फसत नाही. तेव्हापासून नवा सेन्सर घेण्याआधी मी आधी एक तक्ता करतो: उभ्या रांगेत सेन्सर, आडव्या रांगेत प्रत्येकाला फसवणारी कारणं. एकाच कारणाखाली दोघांची खूण आली की ते दोघे मिळून दीडच धरायचे.

हे आकड्यांतही बघ. दहा सेन्सरांची सरासरी घेतलीस आणि त्यांच्या चुकांमधला परस्परसंबंध ०.५ असेल, तर सरासरीतल्या चुकीचं व्हेरियन्स (चुकांचा पसारा) एकट्या सेन्सरच्या ५५ टक्के उरतं. एकमेकांशी संबंध नसलेले फक्त दोन सेन्सर घेतलेस तर ५० टक्के. दोघांनी दहांना मागं टाकलं. अमक्या कंपनीचे आणखी चार सेन्सर लावले की अचूकता वाढेल, असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे सूत्र दाखव: एक अधिक (सेन्सरांची संख्या उणे एक) गुणिले परस्परसंबंध, आणि त्या सगळ्याला संख्येनं भाग.

तुझ्या तिघांचा तक्ता मीच करून देतो. अल्ट्रासॉनिकला फसवतं तापमान. हवेत आवाजाचा वेग २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि अंशामागं ०.६ मीटरनं वाढतो. सेन्सरपासून पाणी सहा मीटर खाली असेल आणि दहा अंशांचा फरक हिशोबात धरला नाहीस, तर चूक दहा सेंटिमीटर. ऊन-पावसाच्या खेळात एका दुपारीच तेवढं होतं. म्हणून शेजारी सावलीत तापमानाचा सेन्सर हवाच. शिवाय फेस, तरंगतं पाचट, आणि तोंडावर कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर. तू बाजारातला दोन डोळ्यांसारखा दिसणारा स्वस्त सेन्सर घेतला असशील तर तो बदल. त्याची पोच चार मीटर आणि पावसात तो टिकत नाही. जमलं तर रडार लेव्हल सेन्सर घे. महाग आहे, पण तापमान त्याला हलवत नाही. कॉलेजच्या बजेटात बसत नसेल तर जलरोधक अल्ट्रासॉनिक घे. त्याच्या तोंडाशी वीस-पंचवीस सेंटिमीटर आंधळा पट्टा असतो. पाणी त्या पट्ट्यात शिरलं की तो भलतंच सांगतो, म्हणून तो कठड्याच्या वर बसव.

प्रेशर सेन्सरला फसवते हवा. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. ती ओलाव्यानं बुजली की वातावरणाचा दाब थेट पाण्यात मिसळून दिसतो. एक मिलिबार म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा सरकत आला आणि हवा दहा मिलिबारनं उतरली, की सेन्सर पाणी दहा सेंटिमीटर कमी दाखवतो. आणि नेमका त्याच दिवशी घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस असतो. चूक सर्वांत वाईट वेळी आणि सर्वांत वाईट दिशेनं होते. नळीच्या टोकाला सिलिका जेलची डबी लावतात. ती निळ्याची गुलाबी झाली की बदलायची. ते काम कोण करणार, त्याचं नाव वहीत लिही. गाळही बसतो, म्हणून सेन्सर तळाला न टाकता छिद्रं पाडलेल्या पाइपात थोडा वर लटकव.

फ्लोटचं वर आलंच. चांगली गोष्ट ही, की तिघांना फसवणारी मुख्य कारणं वेगळी आहेत: तापमान, हवेचा दाब, पाचट. तू निवड चांगली केलीस. आता एकाच बॅटरीवर, एकाच खांबावर आणि एकाच कंट्रोलरच्या अर्थवर तिघांना बांधून ती वाया घालवू नकोस. वीज कडाडली की तिन्ही एकदम हलतील. शंभरात दोन वाचनांना जरी असं झालं, तरी तो ०.७२५ टक्क्याचा बहुमताचा आकडा पावणेतीन टक्क्यांवर जातो.

आता न बोलणाऱ्या सेन्सरबद्दल. वाचन आलं नाही म्हणजे 'नाही' नव्हे. मुलांच्या कोडमध्ये ही चूक मला हमखास दिसते. वाचन नसेल तर शून्य येतो, शून्य हद्दीपेक्षा कमी, म्हणून पूल सुरक्षित! बंद पडलेल्या सेन्सरचं वजन शून्य धर, उणे नव्हे. सहा तास मिलिमीटरपर्यंत तोच आकडा देणाराही बंदच समज. वाहती नदी कधी इतकी स्थिर नसते. आणि एक नाजूक गोष्ट. खांबावर खाली बसवलेला सेन्सर पुरातच वाहून जातो. गावची वीज पुरातच जाते, मोबाइलचा टॉवर पुरातच गप्प होतो. म्हणून जोराच्या पावसात आलेली शांतता ही स्वतःच थोडी 'हो'च्या बाजूची असते. दोन सेन्सर एका तासात गप्प झाले तर मी अधिक एक वजन देतो आणि माणूस पाठवतो. निरोपासाठी मोबाइलवर विसंबू नकोस. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडं परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांबवर निरोप पाठवणारा छोटा रेडिओ) आणि काठावरच्या उंच घराच्या गच्चीवर रिसीव्हर, एवढं पुरतं.

रेडिओवर जायचं म्हटलं की विद्यार्थी सेन्सरवरच हो-नाही करून एक बिट पाठवतात. तसं करू नकोस. हद्दीच्या दोन सेंटिमीटर वर आणि चाळीस सेंटिमीटर वर यांत फरक आहे, तो फेकून का द्यायचा? चार खण कर: खूप खाली, थोडं खाली, थोडं वर, खूप वर. दोनच बिट लागतात आणि आकडा पूर्ण पाठवल्याचा बहुतेक फायदा मिळतो. प्रत्येक खणाचं वजन वेगळं काढ, रीत तीच.

पण ही सत्तर, नव्वद, पाच टक्के कुठून आणायची? मी वर उदाहरणासाठी धरली, तू तशी धरू नकोस. पुलाच्या खांबावर पांढऱ्या-काळ्या रंगाची, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगव. शेजारच्या घरातल्या कुणाला तरी दिवसातून चार वेळा आणि पाणी चढू लागलं की दर तासाला आकडा वहीत लिहायला सांग, आणि त्याचे पैसे दे. पहिला पावसाळा यंत्रणा मुकाट्यानं चालव. सायरन जोडू नकोस, फक्त नोंद ठेव. मग वही आणि नोंदी शेजारी ठेवून मोज. फ्लोटनं एकदाही खोटं 'हो' म्हटलं नाही म्हणून खोट्याची शक्यता शून्य लिहू नकोस, गुणोत्तर अनंतावर जाईल. ३,००० कोरड्या वाचनांत एकही चूक नसेल तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं, की शक्यता ३ भागिले ३,००० पेक्षा, म्हणजे हजारात एकापेक्षा जास्त नाही. तेवढी वाचनं एकवीस दिवसांत जमतात. 'हो'च्या बाजूची मात्र जमणं कठीण, कारण पूल वर्षाला मोजक्याच वेळा बुडतो. तिथं टाकीत पाचट टाकून, माती कालवून, सेन्सर हलवून चाचण्या कर. स्वच्छ पाण्याच्या टाकीतला आकडा नदीवर नेऊ नकोस.

न्यूरल नेटवर्कचं उत्तर इथंच मिळतं. तुझ्याकडं फार तर चार-पाच पुरांची नोंद असेल. तेवढ्यावर शेकडो वजनं शिकवणारं जाळं पाठांतर करेल आणि पुढच्या पुराला गडबडेल. सरांना आदरानं सांग, की तीन सेन्सरांची वजनं आणि एक हद्द, प्रत्येकाचा अर्थ तोंडी सांगता येतो. आणखी पाच पावसाळ्यांची नोंद साठली की लॉजिस्टिक रिग्रेशन (नोंदींवरूनच अशी वजनं काढणारी संख्याशास्त्रातली रीत) कर. त्यातली वजनं याच वजनांची सुधारलेली रूपं असतात, आणि सेन्सरांमधला परस्परसंबंधही त्यात काही प्रमाणात आपोआप येतो.

पावसाचा सेन्सर लावू का, असं पुढं विचारशील. पुलाशेजारी लावून फारसा उपयोग नाही. वेदगंगेचं पाणी वरून, पाटगावच्या बाजूनं, सह्याद्रीतून येतं. निपाणीत कोरडं ऊन असताना पूल बुडलेला मी पाहिलाय. वरच्या अंगाला एक पातळी मोजणारा सेन्सर बसवता आला तर तो सोन्याचा. मग मात्र वेळेची जुळणी लागते. वरचा चढ खाली यायला लागणारे तास दोन्हींच्या नोंदी एकमेकांवर सरकवून काढ. जिथं त्या सर्वांत जास्त जुळतील तो तुझा उशीर. नदी भरलेली असताना हा उशीर बदलतो, म्हणून तो दोन-तीन पातळ्यांसाठी वेगवेगळा काढ. दोन्हीकडची घड्याळं चांगली घे. साधं क्रिस्टल महिन्याला मिनिटभर सरकतं, तापमान सांभाळणारं आरटीसी (घड्याळाची चिप) वर्षाला मिनिटभर.

माणूसही सेन्सरच आहे, आणि आपल्या सीमाभागात तो सोडून चालत नाही. धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप कोल्हापूरकडून मराठीत येतो, पूल बंद करण्याचा आदेश इकडून, कर्नाटकातून, कन्नडमध्ये निघतो. दूधगंगेवर मलिकवाड कर्नाटकात आणि पलीकडचं दत्तवाड महाराष्ट्रात. विसर्गाच्या निरोपाला फ्लोटसारखंच वजन दे: आला तर मोठं, आला नाही तर जवळजवळ शून्य. काठावर गुरं चारणारे एक आजोबा मला म्हणाले होते, "पाण्याचा रंग बदलला की दोरी आवळायची." त्यांचं 'हो' मी वर्षभर वहीत मोजलं आणि प्रेशर सेन्सरपेक्षा वरचं वजन द्यावं लागलं. तुझ्या पॅनेलवर एक बटण ठेव, जे काठावरचा माणूस दाबू शकेल, आणि त्यालाही वजन दे.

सायरनच्या आधी एक पिवळा दिवा ठेव. खात्यात पाच जमले की पिवळा, म्हणजे कुणीतरी जाऊन पट्टी बघावी, ९.८ ला लाल आणि सायरन. दोन्ही काठांवर, पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये. लाल लागल्यावर पूल बंद करायला कोण दोरी बांधणार त्याचा फोन नंबर दोन्ही पाट्यांवर नको, पण पॅनेलच्या दाराच्या आत मात्र हवा.

पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा वायरिंगचं चित्र पाठव: बॅटरी कुठं, अर्थ कुठं, तिन्ही केबल कुठल्या बाजूनं खाली उतरतात. आणि पट्टीचा शून्य कुठं धरलास ते कठड्यावर ऑइल पेंटनं रंगवून ठेव, कारण पहिल्या पुरात खांबावरची पट्टी खरवडली जाईल आणि तुझी सगळी नोंद त्या एका खुणेवर टांगलेली असेल.